मुराळ्याची गाडी

रामकिशन माझा मेहुणा. म्हणजे माझ्या बायकोचा, बबिताचा, थोरला भाऊ. मेहुण्याची चेष्टा करायचा हक्क जावयाला लग्नाच्या मांडवातच मिळतो आणि मी तो आजवर वाया जाऊ दिलेला नाही. माणूसही तसा चेष्टा करण्याजोगाच आहे. पूर्णेला रेल्वेत लोको पायलट, म्हणजे आपल्या भाषेत इंजिन ड्रायव्हर. ड्युटीवर मालगाडीचं धूड हाकायचं आणि सुट्टी मिळाली की हजार सीसीच्या मोटारसायकलवर बसून पुन्हा रस्त्यालाच लागायचं. हलवायानं घरी जाऊन हौसेनं जिलेबी तळावी, तसला प्रकार.

गाडी जपानी, चार सिलिंडरची. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. त्याच्या तोंडून ते इतक्यांदा ऐकलंय की लिहायचाही कंटाळा येतो. हैदराबादच्या एका डॉक्टरानं ती हौसेनं घेऊन बंगल्यात उभी करून ठेवली होती, त्याच्याकडून यानं ती जुनी घेतली. पळायलाही तेज आणि लांबच्या प्रवासालाही दमदार, अशा जातीची. पुढं वारा अडवायला काच, मागं दोन्ही बाजूंना कुलपाच्या पेट्या. चुडाव्याला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला, ती पहिल्यांदा घरापुढं उभी राहिली तेव्हा माझी सासू केवळाबाई ओवाळायचं ताट घेऊन बाहेर आली, त्या पेट्यांकडं बघत राहिली आणि म्हणाली, "ह्ये तर आपलं घोडंच हाय की रं."

तिचं काही चुकलं नव्हतं. हे धनगराचं घर. माझे सासरे दत्तराव आयुष्यभर मेंढरांमागं चालले. दिवाळी सरली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं, दोन्ही अंगाला ओझं सारखं करायचं आणि चारा दिसेल तिकडं निघायचं. स्वतःच्या पायातला काटा दोन दिवस तसाच राहिला तरी चालेल, पण घोड्याचे खूर ते रोज बघत. रामकिशननं मेंढरं सोडली, पण खूर बघायची सवय त्याच्यात उतरली.

गाडी सुरू करण्याआधी तो तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारतो, इंजिन ताब्यात घेताना ड्रायव्हर मारतात तशी. टायर दाबून बघणार, चेन बोटानं उचलून बघणार, खाली कुठं थेंब पडलाय का ते वाकून बघणार. तेल वेळेच्या आधी बदलणार आणि काढलेलं तेल दोन बोटांत चोळणार, त्यात धातूचा चुरा लागतो का म्हणून. आमच्याकडं वॉशिंग सेंटरवर गाडी धुतली की चकाकीसाठी वरून डिझेलचा फवारा मारतात. याच्या गाडीवर एकानं नळी रोखली तेव्हा हा मधेच आडवा झाला आणि डिझेल स्वतःच्या शर्टावर घेतलं. डिस्कला डिझेल लागलं तर ब्रेक लागणार नाही, रबरं सडतील, असं त्या माणसाला तो कितीतरी वेळ समजावत होता. वायरी उंदरांनी खाऊ नयेत म्हणून त्यानं शेडमध्ये मांजर पाळलंय. त्या मांजराला दूध मिळतं, मला मात्र चुडाव्यात कोरा चहा, हे मी त्याला अनेकदा बोलून दाखवलं आहे.

पण गाडी टिकली, हे मान्य करावंच लागेल. लेह झालं, कच्छ झालं, कन्याकुमारी झाली. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले आमचे रस्ते झाले, परभणीचा उन्हाळा झाला. टायर पंक्चर झाले, चेनी बदलल्या, एकदा बॅटरी घरच्या घरी मेली. पण निघाली आणि पोचली नाही, असं कधी घडलं नाही. त्याच्या आगेमागे ज्यांनी तसल्या गाड्या घेतल्या, त्यातल्या बहुतेकांनी त्या विकून टाकल्या. इतकी जुनी गाडी इतकी कशी चालली, असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे. "मशीन खोटं बोलत न्हाई, मानूस बोलतो. मशीन काय सांगायलंय त्ये आयकायचं, बस."

त्याची आणखी एक ठरलेली गोष्ट म्हणजे बजरंगची. बजरंग त्याच्याबरोबरचा ड्रायव्हर. दोन स्टेशनांच्या मधे त्याची मालगाडी थांबली आणि त्यानं घाबरून 'इंजिन फेल' असं कळवून टाकलं. मागच्या गाड्या खोळंबल्या, मदतीला दुसरं इंजिन आलं. त्याच्या ड्रायव्हरनं आत जाऊन पडलेला एक स्विच वर केला आणि बजरंगचं इंजिन सुरू झालं. ही गोष्ट रामकिशन लग्नात सांगे, बारशात सांगे, एकदा तर तेराव्याला सांगितली. शेवटी म्हणे, "चांगल्या इंजिनाला फेल म्हनलं त्यानं! ड्रायव्हरला यापरीस लाजेची गोष्ट न्हाई, दाजी." आणि मग नियम सांगे. फेल झालं की नेमकी जागा कळवायची. एकदा मदत मागितली की इंजिन नंतर सुरू झालं तरी जागा सोडायची नाही, कारण तुमच्याकडं मदत निघालेली असते.

मी म्हणायचो, "बजरंगाला आता सोड की रे बाबा." तो सोडायचा नाही.

आता बबिताचं सांगतो. आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, गोदाकाठी. मी इथंच शाळेत शिकवतो. पंचमीला लेकी माहेरी जातात आणि त्यांना न्यायला माहेराहून जो येतो तो मुराळी. दत्तरावांची मेंढरं कुठंही असोत, पंचमीच्या आदल्या दिवशी ते आमच्या दारात उभे असत. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. एसटी मिळाली तर एसटीनं, नाहीतर चालत. एकदा तापानं फणफणलेले आले आणि आमच्या ओसरीवर झोपून राहिले. मी म्हटलं, मामा, निरोप धाडायचा होता. तर म्हणाले, "लेक फाट्यावर हुबी ऱ्हाती, जावयबापू. निरोपाला कुटं तिला डोळं भरून बघता येतंय."

ते गेले तेव्हा रामकिशननं बहिणीला जवळ घेऊन शब्द दिला, "अण्णा येत हुते तसा मी यीन, बबे. पंचमी चुकनार न्हाई."

आणि तो यायचा. काय थाटात यायचा! फाट्यावर त्या गाडीचा आवाज आला की निम्मं गाव गोळा होई. पहिल्या वर्षी साडीत तिला त्या उंच सीटवर बसता येईना, तर पुढच्या वेळी त्यानं तिच्यासाठी हेल्मेट आणलं आणि पंजाबी ड्रेस घाल म्हणाला. गावात कुजबुज झाली. माझे वडील दिनकरराव, त्यांना सगळे आबा म्हणतात, ते जुन्या वळणाचे. पण त्यांनी एका वाक्यात विषय मिटवला, "पडून हातपाय मोडण्यापरीस ड्रेस बरा." तेव्हापासून बबिता दरवर्षी हेल्मेट घालून भावामागं बसे आणि वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राही. आणि मग वर्षभर आम्हाला ऐकावं लागे. कुणाच्याही गाडीचं काहीही निघो, हिचं एकच, "माझ्या दादाची गाडी कवाच बंद पडत न्हाई."

गेल्या वर्षी आखाडात त्याचा फोन आला. "बबे, गाडीचा मीटर लाखाला टेकायलाय. आसं जुळवून आनलंय की पंचमीला तुला घेऊन येताना लाख पुरं हुतील. लाखावा किलोमीटर तुला मागं बसवून."

झालं. हे गावात कळायला वेळ लागला नाही. बबिताला मीटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण लाख म्हणजे काय ते कळतं. नळावर, पिठाच्या गिरणीत, किराणाच्या दुकानात, सगळीकडं तिनं ते सांगून ठेवलं. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा मला विचारू लागली की गुरुजी, लाख झाल्यावर मीटर पुन्हा शून्यावर जातो का.

पंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बहिणी भावासाठी उपवास धरतात. बबितानं सकाळीच आंघोळ केली, देवापुढं दिवा लावला आणि पाण्याखेरीज तोंडात काही घेतलं नाही. पंजाबी ड्रेस घातला, पिशवी भरली आणि हेल्मेट हातात घेऊन फाट्यावर जाऊन उभी राहिली. एकेकीचे मुराळी येत होते. कुणी मोटारसायकलवर, कुणी जीपमध्ये. शेजारची राजेश्री तेवढी राहिली होती, तिचा भाऊ दुपारच्या एसटीनं येणार होता. ऊन चढलं. मी दोनदा बोलवायला गेलो, तर म्हणाली, "यायलाच आसंल. तुमी व्हा म्होरं."

मग फोन वाजला. मी शेजारीच उभा होतो.

"बबे, गाडी बंद पडली गं. ताडकळसच्या म्होरं, पुलाजवळ हाय मी. बघायलोय काय झालं त्ये. लय येळ लागंल. तू घरी जा." आणि फोन ठेवला.

राजेश्री हसली. वाईट बाई नाही ती, पण वर्षभराचं ऐकलेलं तिच्याही पोटात होतंच. "काय गं बबिता, कवाच बंद पडत न्हाई म्हनत हुतीस!"

बबिताचा चेहरा पडला. पण क्षणभरच. "मशीन हाय ती," ती म्हणाली, "मानूस आजारी पडत न्हाई का?" आणि माझ्याकडं वळून, "आवो, बघत काय राहिलाव? दादा उन्हात एकटा हाय."

आमच्या भागात वाहन बंद पडलं असं म्हटलं की माणसं कारण विचारत नाहीत, दोर शोधतात. शेजारच्या योगीराजनं पिकअपची किल्ली काढून दिली. आबांनी गोठ्यातून जाड दोर आणला, फळी आणली आणि नको म्हणत असताना स्वतः पुढं येऊन बसले. एवढी जड गाडी तू एकटा कशी चढवशील, म्हणाले. बबिता पळत घरी जाऊन आली. फडक्यात भाकरी, चटणी, पिठलं. "सकाळपासून काई खाल्लं नसंल त्यानं." तिच्या स्वतःच्या पोटात काही नव्हतं.

खरं सांगू का, जाताना मला आनंद झाला होता. ती जपानी महाराणी आमच्या दोरानं बांधून योगीराजच्या उसाच्या पिकअपमध्ये चढवायची! जन्मभर पुरेल एवढी चेष्टा मिळणार होती. मी वाटेत एक-दोन वाक्यंही जुळवून ठेवली. आबांना ऐकवली, तर ते म्हणाले, "आधी मानूस उन्हातून काढ. मग बोल."

ताडकळस मागं टाकलं. पूल आला. पुलाजवळ कुणी नव्हतं.

एक लिंबाचं झाड, रस्त्याच्या कडेला सोयाबीन, त्यात खुरपणाऱ्या बाया. त्यांना विचारलं. सकाळपासून हितं कुनी थांबलं न्हाई, म्हणाल्या. मी फोन लावला, उचलला नाही. आबा खाली उतरले आणि पुलाच्या कठड्यावर बसले. "मेकॅनिक हुडकायला गाडी ढकलत गेला आसंल. तू म्होरं बघून ये. मी हितंच बसतो. त्यो माघारी आला तर चुकामूक नको." दोर त्यांनी पायाशी ठेवला, भाकरीचं फडकं मांडीवर.

मी पूर्णेपर्यंत गेलो. दर गॅरेजपुढं वेग कमी करत. चुडाव्याच्या रस्त्याला रामकिशनचं नेहमीचं चहाचं हॉटेल आहे, तिथं थांबलो. मालक मला ओळखतो. म्हणाला, "साहेब? साहेब सकाळीच गेले की नांदेडाकडं. धा-बारा मोठाल्या गाड्या आल्त्या, हैद्राबादच्या, नांदेडच्या. साहेबाच्या गाडीला हार घातला, नारळ फोडला. लाख किलोमीटरचा सत्कार हाय म्हने."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिथंच उभं राहून पुन्हा फोन लावला. लागत नव्हता, लागेपर्यंत लावला. या वेळी त्यानं उचलला. मागं हसण्याचा, भांड्यांचा आवाज येत होता.

"कुठं आहेस?"

"हितंच की दाजी, ताडकळसच्या म्होरं. मेकॅनिक यायलाय."

जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं विरून गेली. मी एवढंच म्हणालो, "मग जागा सोडू नको. आमचे आबा त्या पुलावर बसलेत, दोर घेऊन. तुझ्या बहिणीनं भाकरी दिलीय."

हसण्याचे आवाज तेवढे चालू राहिले. मग फोन कट झाला.

नंतर त्यानं मला सगळं सांगितलं, मी न विचारता. ती मंडळी अचानक सकाळी आली. यांच्यात त्याच्या गाडीचं मोठं नाव. दहा-बारा वर्षांनी ही जात काय अवस्थेत असते, ते यांना याच्याकडं बघून कळायचं. तासाभरात सोडतो म्हणाले. नांदेडच्या पुढं ढाब्यापर्यंत चल, लाख पुरे होताना आम्ही सगळे बरोबर पाहिजेत, म्हणाले. हा निघाला. सासूबाईंना वाटलं, बहिणीला आणायलाच निघालाय; आणि जिनं अडवलं असतं त्या त्याच्या बायकोला, विजयमाला वहिनीला, तिचा भाऊ आदल्या दिवशीच घेऊन गेला होता. रस्त्यात लाख पुरे झाले, सगळ्यांनी हॉर्न वाजवले, व्हिडिओ काढले. मग ढाब्यावर एकेक जण विचारू लागला की तेल कोणतं, व्हॉल्व्ह कधी तपासले, गरम झाल्यावर काय करता. आणि हा सांगत बसला. घड्याळाकडं लक्ष गेलं तेव्हा बहीण आठवली. बाजूला जाऊन फोन लावला आणि तोंडाला आलं ते बोलून गेला.

ड्युटी लागली म्हणाला असता तर बबितानं मुकाट मानलं असतं. पण तो पडला ड्रायव्हर. फेल म्हटलं की जागा सांगायची, या सवयीनं त्यानं जागाही सांगून टाकली. "मला काय म्हाईत," मला म्हणाला, "की तुमी खरंच याल." हे बोलला आणि स्वतःच मान खाली घातली. कारण त्याला माहीत होतं. आमच्याकडं सगळ्यांनाच माहीत असतं.

मी पुलावर परत आलो तेव्हा आबा तसेच बसले होते, सावली सरकली होती तेवढी. सापडला का, त्यांनी विचारलं. येतोय, मी म्हणालो. यापुढचं सांगायला माझी जीभ उचलेना. लाज त्याची होती, पण ती माझ्याच अंगावर ओतल्यासारखी झाली होती. सत्तरीचा माणूस परक्याच्या लेकरासाठी उन्हात दोर राखत बसला होता, आणि मी त्याच्या शेजारी बसून सोयाबीनकडं बघत होतो.

मग आवाज आला. तो आवाज मी कुठंही ओळखीन. पूर्णेच्या बाजूनं गाडी आली, सावकाश, आणि बरोबर पुलापाशी थांबली. काचेच्या खाचेत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. हार काढला होता, दोरा आरशाला तसाच होता.

आबा दोर घेऊन उठले. चेहरा उजळला त्यांचा. "झाली का रं सुरू?"

रामकिशननं हेल्मेट काढलं. एवढंच 'हो' म्हणायचं होतं. मी तर सांगितलं नव्हतं, बाया सोयाबीनमध्ये पार पुढं गेल्या होत्या. हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती, आणि मीही ती मिटू दिली असती बहुतेक. तो माझ्याकडं बघेना. आबा पुढं झाले, त्यांनी कौतुकानं इंजिनाजवळ हात नेला आणि चटकन मागं घेतला. "लय तापलंय. लांबून आलास व्हय?"

"आबा," तो म्हणाला, "गाडी बंद पडली न्हवती."

"मग?"

"मी खोटं बोललो."

आबांनी त्याच्याकडं बघितलं. मग दोराकडं बघितलं, आणि तो कोपर ते मुठीपर्यंत वेढे घालत गुंडाळायला लागले. मला वाटलं, आता चार शब्द बोलतील. बोलायला हवे होते, त्यानं बरं वाटलं असतं. पण ते गुंडाळतच राहिले. दोर संपल्यावर त्यांनी कठड्यावरचं फडकं उचलून त्याच्या हातात दिलं.

"खा. पोरगी उपाशी हाय तुज्यासाठी. ही भाकरी माघारी न्हेली तर तिला काय सांगू?"

त्यानं उभ्या उभ्या घास मोडला. तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो पुसतही नव्हता. ढाब्यावरचं जेवण पोटात असलेला माणूस, बहिणीच्या उपवासाची भाकरी खात होता. मी तोंड फिरवून पिकअपमध्ये जाऊन बसलो. मला त्याचा राग यायला हवा होता, आणि येत नव्हता, याचा मला राग आला.

बबिता फाट्यावरच होती. एसटीच्या थांब्यात बसून, हेल्मेट मांडीवर. राजेश्रीचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला होता. गाडी थांबली तशी ती पळत आली आणि आधी भावाचे हात, खांदे चाचपले. "लागलं न्हाई न्हवं कुटं?"

त्यानं मानेनंच नाही म्हटलं.

मग तिनं गाडीकडं बघितलं. किल्ली चालूच होती, मीटरचे आकडे दिसत होते. बबितानं ते वाचले. बोट ठेवून, डावीकडून उजवीकडं, शाळेत वाचायची तसे. "लाख झाले," ती म्हणाली. आणि बोट पुढं सरकलं. लाखावर आणखी बरंच काही होतं. सकाळपासून पुलाजवळ उभी असलेली गाडी एवढी चालत नाही, हे कळायला इंजिनातलं काही कळावं लागत नाही. आरशाचा दोरा तिनं बघितला, काचेतली पाकळी बघितली.

"बबे..." तो म्हणाला.

तिनं हेल्मेट त्याच्या सीटवर ठेवलं. नीट ठेवलं, घसरणार नाही असं. "मी पिकअपात बसते," म्हणाली. "आबा, सरका जरा."

आबांनी खाली उतरून तिला जागा दिली आणि ते घरी गेले. आम्ही दोघं पुढं, तो मागं. मी मुद्दाम हळू चालवत होतो असं नाही, योगीराजचं पिकअप तेवढंच पळतं. आरशात तो दिसत होता, पूर्ण रस्ताभर, आमच्या धुळीत. त्याला एका झटक्यात पुढं जाता आलं असतं. गेला नाही. पुलावरून जाताना बबितानं विचारलं, "ह्योच पूल का?" मी हो म्हणालो. मग तिनं डोळ्याला ओढणी लावली आणि पूर्णा येईपर्यंत काढली नाही.

चुडाव्याला दारात सासूबाई उभ्या होत्या. लेक पिकअपमधून उतरतेय आणि लेक उतरल्यावर मागून गाडीवर एकटा पोरगा येतोय, हे बघून त्या गोंधळल्या. "आगं, टेम्पोत का गं आलीस? गाडीवर न्हाई बसलीस?"

रामकिशन गाडी लावून तिथंच उभा होता, किल्ली हातात. आता सांगेल, असं मला वाटलं. त्यानं तोंड उघडलंही. पण बबिता त्याच्या आधी बोलली.

"गाडी बंद पडली हुती आई. रस्त्यात. दादा काय करनार?"

तिचा आवाज अगदी सरळ होता. ही बाई माझ्याशी कधी खोटं बोललेली नाही. बाजारात भाव पाडायला म्हणूनसुद्धा बोलत नाही.

सासूबाई पायऱ्या उतरून गाडीपाशी गेल्या. पेट्रोलच्या टाकीवरून हात फिरवला, जसा घोड्याच्या मानेवरून फिरवावा. "थकत आसंल की रं. घोडं बी थकतंय कवा कवा. लय पळवतूस तू त्याला." आणि मग त्या मुकाट उभ्या गाडीला म्हणाल्या, "आसूंदे. आसूंदे बाबा."

रामकिशन घरात गेला नाही. शेडमध्ये जाऊन मांजरापाशी बसला. मी मागून गेलो, तर म्हणाला, "दाजी, सगळ्यांपुढं उभा राहीन. तिच्यापुढं राहवंना." मी समजलो, बबिताचं म्हणतोय. पण तो गाडीकडं बघत होता. किंवा दोघींचंही असेल.

यंदाच्या पंचमीला तो दोन दिवस आधीच आला आणि आमच्या ओसरीवर मुक्कामाला राहिला. आबांशी शेतातलं बोलला, माझी चेष्टा निमूट ऐकून घेतली. बबितानं हेल्मेट घातलं, मागं बसली, वळणापर्यंत हात हलवला. तसं सगळं पूर्वीसारखं आहे. फक्त आता नळावर कुणी विचारलं, काय गं, दादाची गाडी बंद पडत न्हाई ना, तर ती कळशी उचलते आणि म्हणते, "मशीन हाय." बजरंगची गोष्ट मी त्याच्या तोंडून पुन्हा ऐकली नाही. एका बारशात कुणीतरी सांग म्हणालं, तर पाणी प्यायला उठून गेला.

मागच्या महिन्यात मी चुडाव्याला होतो, तेव्हा लातूरकडचे दोन तरुण त्याचा पत्ता शोधत आले. तसलीच जुनी गाडी घेताहेत, सल्ला हवा होता. तो अंगणात बसून चेन पुसत होता. तेल, कूलंट, ब्रेक, सगळं त्यानं नीट सांगितलं. शेवटी त्यातला एक म्हणाला, "सर, लाखाच्या वर गेलीय म्हणे. कधी दगा दिला का हिनं? रस्त्यात बंद पडली का?"

बबिता आत भांडी घासत होती, तिचे हात थांबले. मी पेपर खाली केला. आम्हा दोघांनाही त्याचं जुनं उत्तर पाठ होतं.

रामकिशननं चेनीवरून फडकं फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"एकदा पडली," तो म्हणाला. "ताडकळसच्या म्होरं."